पाच वर्षांनी कुठं?

(रंगमंचावर एक खुर्ची. खुर्चीवर दोनशे पानी वही. 'तो', वय चौतीस, येतो. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायात बागेतल्या चिखलानं भरलेली चप्पल.)

शर्टाकडं बघा, चपलीकडं बघू नका. ह्यो शर्ट पोरगी बघायचा हाय. चार वर्षं झाली घेऊन, अजून रंग उडाला न्हाई. चप्पल रोजची.

मी कुंडलचा, तालुका पलूस. दीड एकर द्राक्षबाग, एकरभर ऊस, दोन म्हशी आणि आई. (जीभ चावतो, विंगेकडं बघतो) आई पयली! मग म्हशी!

मागं एकदा पोरगी बघायला गेलो. पोरीचा बाप म्हणला, "नोकरी कुठं?" म्हटलं, शेती हाय. "शेती पायजेलच, पण नोकरी कुठं?" म्हंजे जावयाच्या नावावर सातबारा पायजे आणि जावई पुण्यात पायजे. 2022च्या डिसेंबरात सोलापुरात आमच्यासारखी पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली, बायका द्या म्हणून! निवेदन देऊन परत आली. मला वाईट वाटलं घोड्यांचं. वरात म्हणून नेली बिचारी.

तर पोरीनंच तोंड उघडलं. म्हणली, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

(थिजतो.)

म्हटलं, "बागेत." मामानं मांडीला चिमटा काढला. म्हणून सुधारून सांगितलं, "बागेतच, पण जुनी काढून नवी लावलेली असंल."

पोहे गार व्हायच्या आत आम्ही गाडीत.

रात्री झोप लागंना. सकाळी स्टँडावरनं ही वही आणली. पयल्या पानावर लिहिलं, 'माझी उद्दिष्टं.' एक, लग्न. दोन... (पेन चावतो) दोनला अडकलं. एप्रिलात खरड छाटणी, बाग पार बोडकी. पुढच्या सालचा घड काडीत धरतो तो तवाच. ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि तिथनं चार महिनं मी माणसात नसतो. धुकं पडलं की डावणी रोग, पाऊस आला की मणी तडकलं. रात्री दोनला उठून आभाळ बघणाऱ्यानं पाच वर्षांचं काय लिहायचं?

त्यात कुंडलात जन्मलेला! इथं मान वर काढली की कोणतरी थोर दिसतोच. 7 जून 1943. शेणोलीजवळ इंग्रजाची पैशाची रेल्वे लुटली साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या पोरांनी. आमच्या कुंडलचे जी. डी. बापू लाड त्यात. वय किती? वीस! इसाव्या वर्षी माणसानं रेल्वे थांबवली. मी चौतीस, आणि किर्लोस्करवाडीच्या फलाटावर पळत पोचलो तरी पॅसेंजर माझ्यासाठी थांबंना.

बरं, ती किर्लोस्करवाडी! 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्या माळावर कारखाना काढला. निवडुंग आणि साप, दुसरं काय नव्हतं. त्यांचं वय चाळीस.

म्हंजे वीसला बापू, चाळीसला लक्ष्मणराव. मधल्या वर्षांत माणसं करतात काय, ते कोण सांगत न्हाई. मी शोधलं. लक्ष्मणराव तिशीत बेळगावला लोखंडी नांगर बनवत होते, आणि शेतकरी म्हणत होते, "लोखंडानं जमीन नासती." नांगर पडून!

(खूश होऊन) मला लई बरं वाटलं, मंडळी. म्हंजे आपलं बराबर चाललंय. माझं नांगर तेवढं अजून तयार व्हायचंत.

(वही उघडतो, वाचतो.) "माझी उद्दिष्टं. एक, लग्न." (थांबतो. डोळे बारीक करून.) "सकाळ साडेतीन लिटर. संध्याकाळ तीन. काळी म्हैस आटली."

आये! दुधाचा हिशेब लिहायला दुसरी वही घावली न्हाई व्हय?

(पानं उलटतो.) सगळीकडं दूध. शेवटच्या पानापत्तोर दूध.

(फोन वाजतो.) हां, बोला मामा... न्हाई, बागेत न्हाई, शर्ट घालून उभा हाय... कोण विचारत्या? ती?... (खुर्चीवर बसतो, वहीवरच.) काय म्हणली?... नवी बाग कंच्या जातीची लावणार?

(उठतो. बटणं तपासतो. चप्पल दिसते, पाय खुर्चीमागं लपवतो.)

मामा, ठेवू नका! थॉमसन सांगू का सोनाका?... आये, एक कोरं पान दे! कोरं! दुधाचं नगं!

(अंधार.)