गाडी समुद्रात, साहेब रस्त्यावर

तारकर्लीहून देवबागकडे निघालं की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी आणि मधे चिंचोळी पट्टी. इथे जीपीएसचा नेम जरा हुकला की पडद्यावरची गाडी थेट पाण्यात. मग साहेब खाली उतरून मोबाइल आठाच्या आकड्यात फिरवतात. त्याने होकायंत्राची दिशा सुधारते, गाडीची जागा नाही; दृष्ट काढल्याचं समाधान तेवढं मिळतं.

जागा ठरायला किमान 4 उपग्रहांचे संकेत लागतात. सुमारे 20,000 किलोमीटर बिनबोभाट आलेला हा संकेत अडखळतो कुठे, तर साहेबांनी हौसेने काचेला लावलेल्या धातूच्या फिल्मपाशी! मोकळ्या आभाळाखाली थोडं थांबलं तरी काम भागतं. पण सुट्टीवर आलेल्या माणसाला थांबायला सवड कुठली?

शिवाय उपग्रह फक्त वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा कळवतो. तुमच्याशी त्याला देणंघेणं नाही. नाक्यावरचे काका मात्र आधी “खंयसून इलात?” विचारतील, मग कोणाकडे उतरलात, जेवलात की नाही आणि सरतेशेवटी रस्ता. माहिती अचूक, फक्त चौकशीचा टोल आगाऊ भरावा लागतो.