मानाचा पाहुणा, पाच दिवसांचा

आपल्याकडचा प्रमुख पाहुणा उशिरा येतो आणि लवकर जातो. त्याला पुढे दुसरा कार्यक्रम असतो. ‘या विषयातलं मला फारसं काही कळत नाही’ असं तो माइकसमोर प्रांजळपणे सांगतो आणि पुढची चाळीस मिनिटं ते सिद्ध करून दाखवतो. शाल, नारळ, पुष्पगुच्छ ड्रायव्हरकडे सोपवून तो गाडीत बसतो, तेव्हा आभारप्रदर्शनाला उभे राहिलेले चिटणीस नुकते घसा खाकरत असतात. अशा पाहुण्यांची सवय झालेल्या माणसाला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांच्या संमेलनातला मानाचा पाहुणा पाहून आधी त्याची दयाच येते.

कारण हा पाहुणा जात नाही. जाऊ देत नाहीत त्याला. वर्ल्डकॉन हे या जमातीचं सर्वांत मानाचं संमेलन. १९३९ साली न्यू यॉर्कला सुरू झालं, दुसऱ्या महायुद्धात चार वर्षं भरलं नाही, एरवी दर वर्षी नवं गाव धरतं. हल्ली ते बहुधा पाच दिवस चालतं, आणि पाच दिवसांच्या गणपतीसारखी पाहुण्याची व्यवस्था असते: वाजतगाजत आणायचं, मखरात बसवायचं, येईल त्याने कानाशी आपलं गाऱ्हाणं सांगायचं आणि पाचव्या दिवशी विमानतळावर नेऊन सोडायचं. मात्र गणपतीला सकाळी दहाच्या परिसंवादात ड्रॅगनच्या पचनसंस्थेवर मत द्यावं लागत नाही. याला द्यावं लागतं.

बरं, एवढं करून हाती काय पडतं? ही संमेलनं चाहतेच भरवतात, पदरमोड करून. अध्यक्षापासून खुर्च्या लावणाऱ्यापर्यंत कुणालाच पगार नसतो, तेव्हा पाहुण्यालाही भाषणाचे पैसे सहसा मिळत नाहीत. प्रवासखर्च, हॉटेलची खोली, जेवणखाण, झालं. आणखी एक मोठी सवलत म्हणजे फुकट प्रवेश. हसू नका, ती खरोखरच मोठी आहे. वर्ल्डकॉनमध्ये परिसंवादाला बसणारे नावाजलेले लेखकसुद्धा सभासदत्वाचे पैसे भरून आत येतात. शेवटी शिल्लक उरली तर ते परत मिळतील, या आशेवर बोलतात. व्यासपीठावरच्या पाच जणांत तिकीट न काढता बसलेला कोण, तर तो मानाचा पाहुणा.

त्याची निवडही मजेशीर. कोणत्या गावाला संमेलन द्यायचं हे सभासद दोन वर्षं आधी मतदानाने ठरवतात. पण गावोगावच्या उमेदवार मंडळींनी आपला पाहुणा त्याआधीच गुपचूप हेरून ठेवलेला असतो. ‘तुम्ही आमचे मानाचे पाहुणे. कुणाला सांगू नका. आम्ही हरलो तर नाही.’ एवढ्या निरोपावर बिचारा वर्ष-दोन वर्षं तोंड मिटून बसतो. गाव हरलं तर आपला सन्मान होता होता राहिला, हेही त्याला कुणाला सांगता येत नाही. शिवाय लिहायला लागून पंचवीस-तीस वर्षं झाल्याशिवाय नाव सहसा निघत नाही. त्यामुळे मान मिळेपर्यंत गुडघे गेलेले असतात, आणि हॉटेलच्या एका टोकाच्या सभागृहातून दुसऱ्या टोकाच्या सभागृहात दहा मिनिटांत पोचायचं असतं. लिफ्ट येत नाही. तिच्यात आधीच दोन व्हँपायर, एक रोबो आणि सोंडेसकट कुणीतरी उभं असतं.

म्हणून त्याच्या दिमतीला एक स्वयंसेवक देतात. एखादी विशीतली मुलगी, हातात वेळापत्रक, खांद्यावरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि डोकेदुखीच्या गोळ्या. पाहुण्याला कधी भूक लागते, कोणता चाहता दिसला की त्याला खांबाआड न्यायचं, हे सगळं तिला पाठ. बाहेर तीस पुस्तकांचा धनी असलेला हा माणूस तिला विचारल्याशिवाय स्वच्छतागृहाकडे जात नाही. तिसऱ्या दिवशी तर ‘मी आत्ता कशावर बोलणार आहे?’ असंही तो तिलाच विचारतो आणि ती सांगते. गळ्यातल्या बिल्ल्याखाली एकाखाली एक चिकटवलेल्या रंगीत फिती एव्हाना त्याच्या पोटाखाली पोचलेल्या असतात. जुन्या मुरलेल्या चाहत्यांच्या गुडघ्यापर्यंत पोचतात, ते सोडा.

पाहुण्याची खरी परीक्षा प्रश्नोत्तरांत होते. आपल्याकडच्या पाहुण्याला कुणी प्रश्न विचारत नाही. त्याने काही वाचलेलं असेल असा संशयच कुणाला नसतो. इथे उलट. समोर बसलेल्यांनी पाहुण्याची पुस्तकं स्वतः पाहुण्यापेक्षा जास्त वेळा वाचलेली असतात. माइक हाती येताच पहिला उठतो आणि म्हणतो, ‘प्रश्न असा नाही, दोन निरीक्षणं आहेत.’ (हा माणूस पुण्यातही असतो, पॅरिसलाही असतो.) मग तिसऱ्या खंडातल्या राजाचे डोळे पाचव्या खंडात हिरव्याचे निळे कसे झाले, यावर खुलासा मागितला जातो. पाहुण्याला तो राजाच आठवत नाही. बुद्धिमान पाहुणा अशा वेळी गूढ हसतो आणि म्हणतो, ‘पुढच्या खंडात कळेल.’ पुढचा खंड लिहायचा नसला, तरीही.

लॅरी निव्हन यांना असं हसून भागवता आलं नाही. १९७० साली त्यांची ‘रिंगवर्ल्ड’ ही कादंबरी आली. एका ताऱ्याभोवती बांधलेलं प्रचंड कडं आणि त्याच्या आतल्या अंगावर वसलेलं जग. पुढच्या वर्षी बॉस्टनला वर्ल्डकॉन होतं. तिथे एमआयटीची पोरं हॉटेलच्या व्हरांड्यांतून घोषणा देत फिरली, की रिंगवर्ल्ड अस्थिर आहे! आपल्याकडची पोरं भाववाढीविरुद्ध देतात तशा सुरात. पोरांचं गणित बरोबर होतं. असं कडं जरा ढळलं तर पुन्हा जागेवर येत नाही, सरकत सरकत ताऱ्यावर जाऊन आपटतं. त्यातून पहिल्या आवृत्तीत पृथ्वीच उलटी फिरत होती: नायकाला वाढदिवस लांबवायचा असतो आणि तो नेमका चुकीच्या दिशेने उड्या मारत सुटतो. पुढच्या आवृत्त्यांत पृथ्वी सरळ केली. कड्यासाठी मात्र दुसरी कादंबरी लिहावी लागली, ‘द रिंगवर्ल्ड इंजिनीअर्स’, ज्यात कड्याला जागेवर ठेवणारी इंजिनं आली. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्ल्डकॉनने याच निव्हनना मानाचा पाहुणा केलं. आमच्याकडे कादंबरीत पंचांग चुकलं म्हणून लेखकाच्या नावाने कुणी घोषणा दिल्याचं ऐकिवात नाही. तेवढं बारकाईने वाचणारा भेटला, तर आमचा लेखक त्याच्या पाया पडेल.

स्वाक्षऱ्यांची रांग हा दुसरा सोहळा. एक चाहता चाकांच्या बॅगेत सगळे ग्रंथ भरून आणतो, दुसरा एकच फाटकं पुस्तक आणतो आणि रडतो. पाहुण्याला दुसऱ्याची भीती जास्त, कारण पहिल्याला मर्यादा घालून दिलेली असते, फेरीला तीन पुस्तकं. रडण्याला मर्यादा नसते. या बाबतीत विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइन यांनी काढलेली तोड मला सर्वांत आवडते. एका मोठ्या दुखण्यात अनोळखी लोकांच्या रक्ताने ते वाचले होते आणि त्यांचा रक्तगट दुर्मीळ होता. १९७६ मध्ये कॅन्सस सिटीच्या वर्ल्डकॉनला मानाचा पाहुणा म्हणून बोलावल्यावर त्यांनी सांगितलं, स्वाक्षरी हवी असेल तर रक्तदान करून या. चाहते निमूट बाह्या सरसावून झोपले. त्यानंतर या संमेलनांत रक्तदानाची प्रथाच पडली. हा मान हाइनलाइनना तिसऱ्यांदा मिळत होता. पहिल्यांदा मिळाला १९४१ मध्ये, डेन्व्हरला, तेव्हा त्यांची पहिली कथा छापून येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. तीस वर्षांचा संकेत तेव्हा कुणी पाळणार कसा? विज्ञानकथेची मासिकं निघायला लागूनच पंधरा वर्षं झालेली.

काही पाहुणे मान घेतात, पण पाहुणचार घेत नाहीत. १९७८ चं संमेलन ॲरिझोना राज्यात फिनिक्सला होतं आणि पाहुणे होते कथाकार हार्लन एलिसन, भांडकुदळपणासाठी साऱ्या प्रांतात मशहूर. आमंत्रण स्वीकारून झाल्यावर प्रश्न उभा राहिला. स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला ॲरिझोनाने मंजुरी दिली नव्हती आणि अशा राज्यांवर बहिष्काराची हाक होती. शब्द मोडायचा नाही आणि राज्यात एक पैसाही खर्चायचा नाही, असं एलिसननी ठरवलं. राहायचं घर असलेली मोठी गाडी शिधासामग्रीसकट घेऊन ते आले आणि हॉटेलातली खोली सोडून तिच्यात मुक्काम ठोकला. फिनिक्सचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तत्त्वनिष्ठेचं तापमान सांगायला नको. दिवसा हॉटेलच्या लॉबीत पारदर्शक प्लॅस्टिकचा तंबू ठोकून त्यात बसून ते सगळ्यांदेखत कथा लिहीत. आमच्या एखाद्या साहित्यिकाला काचेत बसवून लिहायला सांगा. तो आधी चहा मागेल, मग पडदा.

विज्ञानकथाकार फिलिप के. डिक यांची तऱ्हाच वेगळी. १९७७ मध्ये फ्रान्समधल्या मेस गावच्या महोत्सवात ते मानाचे पाहुणे होते. आपण सगळे संगणकाने चालवलेल्या वास्तवात राहतो आणि कधीकधी त्यातला एखादा घटक बदलला जातो, असं त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. श्रोते फ्रेंच, भाषण इंग्रजी, मधे दुभाषा. त्यातून ऐनवेळी भाषण वीस मिनिटांनी आखडायला सांगितलं गेलं. डिकनी आपल्या कागदावर एक भाग खोडला आणि दुभाष्याने आपल्या कागदावर दुसराच. वास्तवं एकाहून अधिक असतात, या सिद्धांताला इतका हुकमी पुरावा दुसऱ्या कुठल्या वक्त्याला मिळाला नसेल.

सिनेमा-मालिकांतले नट येतात ती संमेलनं निराळी. तिथे स्वाक्षरीला दर असतो, फोटोला वेगळा दर, आणि पाहुण्याशेजारी रोखपाल बसतो. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं फार नाही. व्यवहार चोख आहे, एवढंच.

खरं कौतुक चाहता-पाहुण्याचं. लेखकाच्या बरोबरीने हा मान एखाद्या निव्वळ चाहत्याला देण्याची रीत वर्ल्डकॉनमध्ये पडली आहे: घरच्या यंत्रावर चाहत्यांसाठी नियतकालिक काढून आयुष्यभर टपालखर्च सोसलेला, संमेलनांचे हिशेब लिहून डोळे गेलेला असा कुणीतरी. १९६७ मध्ये न्यू यॉर्कला हा मान बॉब टकर यांना मिळाला. ते लेखकही होते; ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द त्यांचाच. पण बोलावणं आलं ते चाहता म्हणून. आपल्या साहित्य संमेलनात अध्यक्षांशेजारची खुर्ची चाळीस वर्षं ग्रंथप्रदर्शनातून पुस्तकं विकत घेणाऱ्या वाचकाला दिली, तर स्वागताध्यक्ष कुठे बसतील? अर्थात विज्ञानकथाकाराला अध्यक्षपदाची खुर्ची मिळायलाच आपल्याकडे २०२१ उजाडावं लागलं. नाशिकला जयंत नारळीकर अध्यक्ष झाले आणि प्रकृतीमुळे मांडवात येऊ शकले नाहीत. ज्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, तेही पत्नीच्या अक्षरात, कथा पाठवली होती, त्यांना खुर्चीची फार हौस होती असं वाटतही नाही.

न येण्यावरून आठवलं. ‘सायको’वाले रॉबर्ट ब्लॉक १९४८ मध्ये टोरांटोच्या वर्ल्डकॉनचे मानाचे पाहुणे होते. १९७३ मध्ये संमेलन पुन्हा टोरांटोला आलं, पुन्हा ब्लॉकच पाहुणे. २००३ मध्ये तिसऱ्यांदा आलं. ब्लॉक वारून नऊ वर्षं होत आली होती. टोरांटोकरांनी डगमगायचं कारण काय? भूत म्हणून त्यांचं नाव पाहुण्यांच्या यादीत घातलं. भयकथाकाराला यापेक्षा शोभेसं आमंत्रण नाही, आणि आयोजकांच्या दृष्टीने पाहिलं तर विमानाचं तिकीट नाही, पथ्याचं जेवण नाही, भाषण लांबण्याची भीती नाही.

आता या मानाच्या अगदी मुळाशी जाऊ. १९३९ च्या त्या पहिल्या संमेलनाला दोनशेच्या आसपास माणसं होती आणि मानाचे पाहुणे होते चित्रकार फ्रँक पॉल; यंत्रं अप्रतिम काढायचे, माणसं जरा ताठच. पण त्या दिवशीची मोठी घटना दारावर घडली. न्यू यॉर्कच्या चाहत्यांत दोन तट होते. एका तटाची, डाव्या विचारांची सहा पोरं आली, तर दुसऱ्या तटाने त्यांना आतच घेतलं नाही. अडवणाऱ्यांत होता एकोणीस वर्षांचा सॅम मॉस्कोविट्झ, अडवलेल्यांत एकोणीस वर्षांचा फ्रेडरिक पोल आणि त्याच्यापेक्षा थोडा मोठा डोनाल्ड वोलहाइम. त्यांच्याच टोळीतला आयझॅक ॲसिमोव्ह मात्र कसा कोण जाणे आत शिरला. १९५५ मध्ये क्लीव्हलंडला मानाचे पाहुणे म्हणून त्या ॲसिमोव्हना बोलावलं, आणि त्यांच्या जोडीला एक गुप्त पाहुणाही होता. पडदा सरला तर आत दारवाले मॉस्कोविट्झ. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला पाहुणे झाले पोल. १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला वोलहाइम. तेव्हा संमेलनाच्या दारावर बिल्ले तपासणाऱ्या पोरापोरींनी कुणाला हुसकावण्याआधी त्याचा चेहरा नीट पाहून ठेवावा. तेहतीस वर्षांनी त्याच्या विमानाचं तिकीट आपल्यालाच काढायचं असेल आणि खिडकीजवळची जागा हवी, असं तो म्हणेल.