चारशे साठ येणार आहे!

सुझलॉनच्या भागधारकांत दोन पंथ आहेत. एक 'येणार'वाल्यांचा आणि दुसरा 'संपला'वाल्यांचा. पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या या कंपनीचे किरकोळ भागधारक 50 लाखांच्या वर आहेत, म्हणजे गोव्याच्या लोकसंख्येच्या तिपटीहून जास्त. एवढ्या मोठ्या समाजात मतभेद असायचेच. पण इथे मतभेदाचा विषय गेली अनेक वर्षे एकच आहे: शेअर पुन्हा 460 रुपयांवर जाणार की नाही.

हा 460 चा आकडा आला जानेवारी 2008 मध्ये. सुरतेत कापडाच्या धंद्यात असलेल्या तुलसी तांती यांनी विजेच्या बिलाला वैतागून स्वतःसाठी पवनचक्क्या घेतल्या आणि 1995 मध्ये त्या बनवण्याचाच धंदा काढला. साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर पाती फिरू लागली. 2005 मध्ये 510 रुपयांनी आयपीओ आला. पुढे 10 रुपयांच्या एका शेअरचे 2 रुपयांचे पाच झाले आणि त्या हिशेबानेही भाव साडेचारशेच्या पुढे गेलेला होता. त्या दिवसांत 'येणार' पंथात प्रवेश मिळवायला परीक्षा नव्हती. डिमॅट खाते पुरत होते.

'संपला'वाल्यांचे सुगीचे दिवस लगेचच सुरू झाले. 2008 मध्येच अमेरिकेत कंपनीच्या पात्यांना तडे गेले आणि 1,251 पाती मजबूत करून द्यायची वेळ आली. बेल्जियमची गिअरबॉक्स बनवणारी हॅन्सन आणि जर्मनीची रीपॉवर अशा दोन कंपन्या घेण्यासाठी काढलेले कर्ज डोक्यावर होते, तेवढ्यात जगभर मंदी आली. 2012 मध्ये परकीय चलनातल्या रोख्यांची परतफेड चुकली. शंकेखोर मंडळी प्रत्येक बातमीला 'मी तेव्हाच म्हटलं होतं' म्हणत. ते खरोखरच तेव्हा म्हणाले होते का, हे तपासायला कोणी बसले नव्हते.

'येणार'वाले मात्र डगमगले नाहीत. त्यांच्याकडे ॲव्हरेज नावाचे शस्त्र होते. तीनशेला घेतलेला शेअर शंभरला आला की आणखी घ्यायचा, पन्नासला आला की आणखी, आणि वहीत नवी सरासरी लिहून रात्री शांत झोपायचे. बायकोने विचारलेच तर 'होल्ड केलाय' एवढेच सांगायचे; या उत्तरापुढे बोलणे सहसा सरकत नाही. 2015 मध्ये तर त्यांना साक्षात दैवी कौल मिळाला. सन फार्माचे दिलीप संघवी यांनी 18 रुपये भावाने 1,800 कोटी घातले. 'ते काय वेडे आहेत?' हा प्रश्न त्यानंतर पाच वर्षे विचारला गेला. मार्च 2020 मध्ये भाव दोन रुपयांच्या आसपास घुटमळत होता. संघवींना त्याने फरक पडला नसावा. वहीवाल्यांची सरासरी तेव्हा साठ-सत्तरच्या घरात होती.

ऑक्टोबर 2022 हा शंकेखोरांच्या आयुष्यातला सर्वांत आत्मविश्वासाचा महिना म्हणावा लागेल. 1 तारखेला तांती यांचे निधन झाले आणि दहाच दिवसांत कंपनीने 5 रुपये भावाने 1,200 कोटींचा राइट्स इश्यू, म्हणजे आधीच्याच भागधारकांना नव्या शेअरचा देकार, बाजारात आणला. संस्थापक गेला, कर्ज आहे, भाव चहाच्या कपापेक्षा कमी; यात पैसे कोण घालणार, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. इश्यूला मागणीपेक्षा जास्त अर्ज आले. सप्टेंबर 2024 मध्ये तोच शेअर 86 रुपयांवर होता. शंकेखोराचे तर्कशास्त्र इतके शुद्ध होते की त्याने पाच रुपयांचे सतरा पट होताना एकही शेअर हाताला लागू दिला नाही. भावाने सत्तरी ओलांडल्यावर मात्र त्यालाही राहवले नाही. पंथ बदलताना त्याने अर्थातच कोणाला सांगितले नाही.

सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीला कंपनीने हडपसरचे आपले मुख्यालय, 'वन अर्थ', 440 कोटींना विकले आणि तिथेच भाड्याने राहायचे ठरवले. दोन्ही पंथांना यातून हवे ते मिळाले. 'मालमत्तेत पैसा अडकवत नाहीत, धंद्यात लावतात, याला म्हणतात व्यवस्थापन,' असे 'येणार'वाले म्हणाले. 'राहते घर विकून त्याच घरात भाडेकरू झाले,' असे 'संपला'वाले म्हणाले. काही महिन्यांत भाव पन्नाशीकडे घसरला, तेव्हा दोघांनीही आपलेच खरे ठरल्याचे जाहीर केले.

या सगळ्या वादात एक हिशेब मात्र राहून गेला आहे. 2008 मध्ये कंपनीचे सुमारे 150 कोटी शेअर होते. 460 ने गुणले तर सगळ्या कंपनीची किंमत 69 हजार कोटींच्या घरात येते. मधल्या काळात कर्जाचे शेअर झाले, राइट्स आले, 2023 मध्ये संस्थांना 2,000 कोटींचे शेअर विकले गेले. 2024 मध्ये शेअरची संख्या साडेतेराशे कोटींच्या पुढे होती. 86 ने गुणा. उत्तर 1 लाख 15 हजार कोटींच्या पुढे जाते. म्हणजे सप्टेंबर 2024 मध्ये कंपनी 2008 च्या शिखरापेक्षाही महाग झाली होती आणि 'कधीतरी जुनी पातळी गाठेल' म्हणून बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता. त्याचे डोळे 460 वर होते. इतकेच काय, 2005 चा आयपीओचा भाव विभाजनानंतर 102 रुपये होतो. ज्याने पहिल्या दिवसापासून श्रद्धेने धरून ठेवला, तो कंपनीच्या विक्रमी किमतीच्या दिवशीही तोट्यातच होता.

यावर 'येणार' पंथाचे उत्तर तयार असते: थोडा धीर धरा. धीर धरायला हरकत नाही. पण साडेतेराशे कोटींना 460 ने गुणले तर 6 लाख कोटींच्या पुढचा आकडा येतो. म्हणजे सप्टेंबर 2024 च्या बाजारभावाने सुझलॉन लार्सन अँड टुब्रोपेक्षा मोठी व्हायला हवी. होईलही, वारा कोणाच्या बापाचा नाही. पण मग शंकेखोरानेही 'शेअर पन्नासवर आला, म्हणजे स्वस्त की महाग' हे नुसता भाव बघून ठरवू नये. 2008 मध्ये पन्नासला मिळणारी कंपनी आणि आज पन्नासला मिळणारी कंपनी यांच्या किमतीत नऊ पटींचा फरक आहे.

तेव्हा दोन्ही पंथांतल्या सज्जनांना एक विनंती. कंपनीच्या वार्षिक अहवालात भागभांडवलाची टीप असते आणि त्यात एकूण शेअरची संख्या छापलेली असते. पुढच्या वेळी कट्ट्यावर वाद रंगला की आधी ती उघडा, मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार करा आणि मग खुशाल भांडा.