'डी'पर्यंतचे काका

पाऊस कसा आहे, असं काकांना विचारू नये. परवा कळमनुरीच्या एसटीत मी विचारून बसलो.

"डिटेस्टेबल! पिकाला डेट्रिमेंटल. सोयाबीन डिटेरिओरेट व्हायलंय."

रोज डिक्शनरीतले ओळीनं पाच शब्द पाठ करायचे आणि दिवस मावळायच्या आत पाचही खपवायचे, असा त्यांचा नेम. शब्द म्हणजे जणू नाशवंत माल, उद्यापर्यंत टिकायचा नाही. त्या दिवशी 'डिटर्जंट' उरला होता. तो त्यांनी कंडक्टरच्या शर्टावर काढला.

'बी'त होते तेव्हा वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला 'बार्बेरियन' म्हणाले. त्यानं खूश होऊन चहा मागवला.

दिवसाला 5 म्हणजे वर्षाला 1,825. दहा वर्षांचा हिशेब करून घाबरू नका. दर दसऱ्याला पाटीपूजन झालं की काका नवी वही घेतात आणि "पाया पक्का पाहिजे" म्हणत पुन्हा 'ए'पासून सुरू करतात. वर्ष 'डी'त संपतं. हिंगोली जिल्हा 1999 साली परभणीतून सुटला. काका काही 'डी'तून सुटले नाहीत. त्यांना इंग्रजीची एबीसीडी येते, आणि अगदी तेवढीच येते.

मी एकदा सुनावलंही, "काका, हिंगोलीनं इंग्रज अंमलदारांची फौज पाहिली, पण त्यांच्या इंग्रजी शब्दाची 'पलटण' करून वस्तीला नाव देऊन टाकलं. पाठ करत बसली नाही." काका म्हणाले, "हिंगोलीला दहावीची परीक्षा नव्हती."

पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. काकांना ते पाचवीत भेटलं आणि दहावीत त्यानं दगा दिला. तीन मार्कांनी.

मागच्या महिन्यात आईच्या गाठीचा रिपोर्ट नांदेडहून आला. मी पुण्यात, मीटिंगमध्ये, फोन बंद. आई कागद घेऊन काकांच्या ओट्यावर गेली. काकांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवून सरकवत नेलं आणि एका जागी थांबवलं.

"बिनाइन. वैनी, हा 'बी'तला हाय, दहादा केलेला. म्हणजे निरुपद्रवी. जा, भाकरी टाका."

हे मला रात्री कळलं. तोवर आई जेवून झोपलीही होती. आता त्या माणसाचे आभार मानणं आलं, मानले. मग उगाच विचारलं, "काका, अन् वाईट असतं तर कोणता शब्द असता?"

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला, मग थांबला.

"ते लई पुढं असंल बाबा. तिकडं आपुन जातच नाही."