गोषवारे सर

त्यांचं खरं आडनाव सेवापुस्तकात आहे, पण ते पगारापुरतं. आमच्या केंद्रातल्या झाडून सगळ्या शाळा त्यांना गोषवारे सर म्हणतात. नव्याने रुजू झालेल्या एका मॅडमना ते खरंच आडनाव वाटलं आणि त्यांनी आपल्या लग्नाची पत्रिका 'श्री. गोषवारे, सहकुटुंब' अशी पाठवली. सरांनी ती आवक नोंदवहीत चढवली, क्रमांक टाकला, फाइलला लावली आणि लग्नाला गेले.

असा एक प्राणी प्रत्येक केंद्रात असतो. सरकारी भाषेत तो 'तंत्रस्नेही शिक्षक'. तंत्राचा त्याच्यावर किती स्नेह असतो ते सर्व्हर जाणे, पण बाकीच्या शिक्षकांचा मात्र अतोनात असतो, विशेषतः दुपारी चारनंतर. चारला ग्रुपवर संदेश पडतो: अतितात्काळ, सोबतच्या प्रपत्रात माहिती आज पाचपर्यंत, विलंबास आपण जबाबदार. सगळे मुख्याध्यापक आधी अंगठा पाठवतात आणि मग गोषवारे सरांना फोन लावतात.

"सर, मागच्या पावसाळ्यात लावलेल्या झाडांपैकी जिवंत किती दाखवू?"

"मागच्या वेळी किती दाखवली होती?"

"अठ्ठावीस."

"मग अठ्ठावीसच्या वर जाऊ नका. झाडं मरतात, जिवंत झाडं वाढत नसतात."

हे त्यांचं शास्त्र. आकडा खरा असावा ही झाली हौस. आकडा मागच्या आकड्याशी जुळावा ही नोकरी. वरून विचारणा होते ती न जुळणाऱ्या आकड्याची. जुळलेला आकडा आजवर कुणी उघडून पाहिलेला नाही, असं ते छातीठोकपणे सांगतात. त्यांच्याकडे पुरावाही आहे. पाठवलेली माहिती हरवली की कार्यालय त्यांनाच फोन करून तिची प्रत मागतं. तालुक्याचं दफ्तर तालुक्याला आहे, पण दफ्तरातला मजकूर सरांच्या पेनड्राइव्हमध्ये.

'निरंक' हा त्यांचा लाडका शब्द. माहिती नसेल तर नुसतं गप्प बसून चालत नाही, नसल्याचं कळवावं लागतं. त्यांच्या चौथीच्या वर्गात हे इतकं मुरलंय की गृहपाठ विचारला तर पोरगं उभं राहून म्हणतं, "निरंक, गुरुजी." सर रागावत नाहीत. वेळेत कळवलं, हे काय थोडं झालं?

सर नोकरीला लागले तेव्हा माहिती कागदावर जायची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर शाळांची माहिती गोळा करणारं डायस आलं आणि त्यासोबत घडीचा लांबलचक फॉर्म. २०१२-१३ मध्ये त्याचं यू-डायस झालं, मग यू-डायस प्लस. शाळेला अकरा आकडी सांकेतांक, सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे. सरांना केंद्रातल्या सगळ्या शाळांचे सांकेतांक तोंडपाठ आहेत. गावांची नावं कधी कधी चुकतात. २०१५ मध्ये राज्याचं सरल पोर्टल आलं. दिवसा साइट हलायची नाही, म्हणून सर तालुक्याच्या नेट कॅफेत रात्री बसायचे. पहाटे घरी परतताना दूधवाला विचारायचा, "गुरुजी, कुणाचं काही वाईट झालं का?" २०१६ साली तर मुलांसोबत सेल्फी काढून सरलवर चढवायचा आदेश निघाला होता. तेव्हा सरांनी केस काळे केले.

आधारजोडणीचा काळ मात्र त्यांना खरोखर सुखाचा गेला. जनरल रजिस्टरात 'पूजा', आधारवर 'पुजा'. रजिस्टरात बापाचं नाव 'बाळू', आधारवर 'बालासाहेब'. मशीन म्हणणार, मिसमॅच. मुलगी समोर उभी, बाप शेजारी उभा, आणि मशीनच्या मते दोघंही नाहीत. सरांनी अशा नावांचा तक्ता केला: ऱ्हस्व-दीर्घाचे किती, टोपणनावाचे किती, नुसत्या जन्मतारखेचे किती. तो कुणी मागितला नव्हता. सर म्हणाले, "मागितल्याशिवाय केलेला हा माझा पहिला तक्ता." प्रेमपत्र दाखवावं तसा तो त्यांनी आम्हाला दाखवला.

पोषण आहाराची मावशी रोज विचारते, "गुरुजी, आज किती?" दुसरा मास्तर डोकी मोजेल. हे ग्रॅम सांगतात. पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे. "सहा किलो चारशे," असं म्हणून ते वर्गात जातात. मावशी तिच्या पातेल्याच्या मापाने घालायचा तेवढाच घालते आणि पोरं पोटभर जेवतात. महिनाअखेर हिशोब जुळतो तो कसा, हे मावशीला विचारायचं धाडस सरांनीही केलेलं नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून दुसरं बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. 'आम्हाला शिकवू द्या' म्हणत आमचा मोर्चा निघाला, तेव्हा सरही आले. घोषणा त्यांनी फारशा दिल्या नाहीत. कडेने चालत होते, ओठ हलत होते. संध्याकाळी ग्रुपवर मोर्चाच्या उपस्थितीचा गोषवारा आला: तालुकानिहाय, स्त्री-पुरुष वेगळा, शेवटी एकूण.

इथपर्यंत वाचून माणूस वेडा वाटेल. थोडा आहेही. पण आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरतात आणि पोरं आईबापांबरोबर कारखान्यांच्या फडावर जातात. काही आजीजवळ राहतात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते, बाकीची जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आणि पटाची तारीख वर्षानुवर्षं ३० सप्टेंबर. त्या तारखेच्या विद्यार्थिसंख्येवर संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरतं. त्या दिवशी आमचे वर्ग गच्च. ४ जुलै २०१५ ला राज्यभर शाळाबाह्य मुलं शोधायला एका दिवसाचं सर्वेक्षण झालं. सापडलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची होती. सर शाईची बाटली घेऊन वाडी-वस्ती हिंडले आणि बाटली जवळजवळ तशीच परत आणली. जुलैत आमची सगळी पोरं गावातच असतात, शाळेतच असतात. "डिसेंबरात बाटली द्या," असं सर केंद्रप्रमुखांना म्हणाले. साहेब हसले. सर हसले नव्हते.

त्या वर्षापासून त्यांच्या हजेरीच्या एक्सेलमध्ये सतरावा रकाना आला. प्रपत्रात रकाने सोळाच. सतराव्यात कारखान्याचं नाव, मुकादमाचा फोन, परतल्याची तारीख. फाइल वर गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली: रकाना १७ विहित नमुन्यात नाही, वगळून फेरसादर करावे. सरांनी वगळून फेरसादर केलं. आपल्या प्रतीत ठेवला. पुढे एका डिसेंबरात चारच्या ठोक्याला स्थलांतरित बालकांची माहिती निघाली, पाचपर्यंत. सगळ्या केंद्राने सरांच्या नावाचा धावा केला. सरांनी दहा मिनिटांत संपूर्ण माहिती पाठवली, कारखान्यांच्या नावांसकट. उत्तर आलं: फक्त मुलं, मुली, एकूण एवढेच पाठवावे.

पण त्याच रकान्यावरून ते मुकादमाला फोन करतात. "तुमच्या टोळीत माझी तिसरीतली दोन आहेत. तिथल्या शाळेत बसवलीत का?" मुकादम आधी दचकायचे. आता चांगले सरावले आहेत. फोन उचलताच म्हणतात, "निरंक, गुरुजी."

एकदा गावात 'असर'च्या पाहणीची दोन पोरं आली, पाठीवर पिशव्या, हातात वाचनाचा कागद: अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. कुणीतरी शाळेला न विचारता घरात जाऊन मुलालाच 'वाच' म्हणतंय, हे पाहून सर हरखले. चहा पाजला. मग कळलं की गावातली घरं वीसच घेणार, तीही दर पाचवं घर धरून. सरांचा चेहरा पडला.

"वीस? बाकीच्यांनी काय केलं?"

"सर, नमुना असतो. शितावरून भाताची परीक्षा."

"ते भाताला ठीक. पोरं काय एका पातेल्यात शिजतात का?"

त्या पोरांनी संख्याशास्त्र समजावून सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला, आणि खरं सांगायचं तर बाजू त्यांचीच बरोबर होती. जिल्ह्याचा अंदाज बांधायला सगळी घरं लागत नाहीत. सरांनाही ते पटलं असावं, कारण ते वाद सोडून त्यांच्यामागे चालू लागले. पोरं निघून गेल्यावर त्यांनी तोच कागद पाटीवर उतरवला आणि आठवडाभर राहिलेल्या घरांत फिरून एकेका मुलाला वाचायला लावलं. आकडे कुणाला पाठवले नाहीत. पाठवायला लिंकच नव्हती.

यंदा ते निवृत्त होतायत, ३१ मे रोजी. पूर्वी पोराला शाळेत घालायला बाप आला की गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून ही तारीख ठोकून द्यायचे. सरांचीही तशीच ठोकलेली. आई सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा जन्म. म्हणजे रजिस्टरात खरं लिहिलं असतं तर निदान तीन महिन्यांचा पगार जास्त मिळाला असता. आम्ही हळहळलो, तर सर म्हणाले, "गुरुजींचा दोष नाही. वय बरोबर जुळत होतं."

आता नवी भानगड. केंद्रात यंदा निवृत्त होणारे तिघं, आणि तिघांचीही जन्मतारीख १ जून. कार्यालयातून पत्र आलंय: एकाच केंद्रातील तीन कर्मचाऱ्यांची जन्मतारीख समान कशी, खुलासा आज पाचपर्यंत सादर करावा. इतर दोघांनी दोन ओळींत उरकलं. सरांनी मुदतवाढ मागून घेतली. खुलासा चार पानांचा झालाय आणि सोबत परिशिष्ट जोडायचंय, तालुक्यातल्या समस्त १ जूनवाल्या शिक्षकांचं, शाळानिहाय. काल मला फोन आला.

"तुमची जन्मतारीख सांगा."

"सर, एक जून."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला नाही. माझी त्यांनी आधीच भरून ठेवली होती.