वायसर द्या, टेप नको

बेसिनखालचा जोड गळायला लागला की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची आणि पाना लावून हात दुखेपर्यंत आवळायचं. काही दिवस सगळं कोरडं राहतं, मग खालच्या प्लायला पुन्हा पाणी सुटतं.

माझी तक्रार आहे ती या चुकीच्या जागी मारलेल्या टेपविषयी. भिंतीतल्या एल्बोत अँगल कॉक बसवताना टेप हवीच, कारण तिथे पाणी आट्यांनीच अडवायचं असतं. पूर्वी तिथे सुतळी आणि सफेदा लावत. पण अँगल कॉकपासून नळापर्यंत जाणाऱ्या लवचीक कनेक्शन पाईपची गोष्ट निराळी. त्याच्या नटाचे आटे पाणी अडवत नाहीत, नट फक्त ओढून धरतात. पाणी अडवतो तो नटाच्या पोटातला रबरी वायसर, कॉकच्या सपाट तोंडावर घट्ट दाबला जाऊन. टेपचा थर जाड झाला की नट पुरता चढत नाही आणि वायसर दाबलाच जात नाही. मग जोर वाढवायचा, आणि वायसर तरी चिरायचा नाहीतर नट तरी. गिझरकडच्या जोडाचा वायसर उष्णतेने कडक होतो. तो कितीही आवळला तरी उपयोग नाही, बदलावाच लागतो. नवा वायसर असला की नट हाताने बसेल तेवढा बसवावा आणि पान्याने थोडासाच फिरवावा, तेवढं पुरतं.

हे प्लंबरला सांगितलं की उत्तर येतं, "टेप मारलीय साहेब, आता बघायला नको." दुकानात जावं तर, "सुटा वायसर नाही मिळणार, अख्खा पाईप घेऊन जा." चांगला पाईप रबराच्या एका चकतीसाठी फेकून द्यायचा, हे मला पटत नाही. शर्टासोबत जादा बटण मिळतं, तसे कनेक्शन पाईपच्या पाकिटात दोन जादा वायसर का येऊ नयेत?

आणि हे नाशिकमध्ये चालतं याचं वाईट वाटतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आटे गेजने तपासणारी माणसं याच शहरात राहतात. जवळच ओझरला लढाऊ विमानं बांधली जातात. तरी घरातल्या अर्ध्या इंची जोडाशी आपण अंदाजाने झटतो.

पाण्याचा प्रश्न आपल्याला कळत नाही असंही नाही. 2023 साली जायकवाडीसाठी नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं ठरलं तेव्हा इथे केवढा विरोध झाला. गंगापूर धरणाची टक्केवारी आपण रोज पेपरात बघतो. पण सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब होतात, आणि ते पाणीही धरणांतूनच आलेलं असतं. ते शुद्ध करायला आणि गच्चीवरच्या टाकीत चढवायला वीज जळालेली असते. टाकी जितकी उंच तितका खालच्या मजल्यांवर दाब जास्त, दर दहा मीटरला साधारण एक किलो. त्यामुळे सैल वायसर तळमजल्यावर आधी गळतो. वरच्या मजल्यावर गळला तर खालच्या घराच्या छताला ओल येते आणि जिन्यात "काकू, तुमच्याकडून पाणी येतंय" हे सुरू होतं. चांगली शेजारची माणसं अशा ओलीवरून बोलायची थांबतात. मला हे प्लाय फुगण्यापेक्षा जास्त लागतं.

म्हणून हार्डवेअरवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: काउंटरवर अर्धा इंची वायसरचा एक डबा ठेवा आणि एक-एक सुटा विका. प्लंबरनेही जुना वायसर काढून घरातल्या माणसाच्या हातावर ठेवावा आणि मगच काय करायचं ते ठरवावं. तो चपटा, चिरलेला, कडक झालेला असेल तर टेपचं रीळ पिशवीतच राहू द्यावं.