स्कॅनरधारी वस्तादांना अनावृत पत्र

माननीय वस्ताद,


पत्र मुद्दाम उघड लिहितो आहे. आपल्यासारख्या निदानकर्त्याची कीर्ती एका गिऱ्हाइकापुरती राहू नये, एवढाच हेतू.

आपण स्कॅनरची वायर स्टिअरिंगखाली खोचता, पडद्यावर 'पी०१३५' उमटतं आणि निकाल लागतो: "ऑक्सिजन सेन्सर गेला, साहेब." बॉनेट उघडायचीही गरज नाही! हात काळे करणं हे हलक्या कारागिरांचं काम. सेन्सर बदलला, कोड उडवला, 'चेक इंजिन'चा दिवा विझला, बिल फाडलं. खंबाटकी घाटाच्या वाटेवर दिवा पुन्हा हजर. यावर आपलं उत्तर तयार होतं: "पीस खराब निघाला. आता ओरिजिनल टाकू." ओरिजिनल आला. मागोमाग दिवाही आला.

आपला अमूल्य वेळ घेऊन एक क्षुल्लक बाब सांगतो. पी०१३५ हा कोड सेन्सर मेल्याचं सांगतच नाही. पुढच्या सेन्सरच्या हिटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच तो सांगतो. सर्किटमध्ये हिटर येतो, तसे फ्यूज, रिले, कप्लर आणि ईसीएमपर्यंतची, म्हणजे इंजिनच्या संगणकापर्यंतची, वायरही येते. झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय धड काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात हिटर. हिटर बंद असेल तर एक्झॉस्टच्या धगीने तापेपर्यंत सेन्सर मुका, आणि ईसीएम अंदाजपंचे पेट्रोल सोडत बसतो. ॲव्हरेज का घटलं, हे मी विचारलं तेव्हा आपण माझ्या ड्रायव्हिंगकडे बोट दाखवलं होतं. असो.

आपण भंगारात टाकलेला पहिला सेन्सर मी मागून घेतला होता. एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने त्याच्या दोन पांढऱ्या वायरींना मीटर लावला. मोजके ओहम आले. हिटर तुटला असता तर काही आलंच नसतं. मग ते गाडीखाली शिरले. हो, खाली! कप्लरवर १२ व्होल्ट चोख होते. आपण इथेच थांबला असता. त्यांनी तिथे टेस्ट लॅम्प लावला, इंजिन चालू ठेवलं आणि हार्नेस हलवायला सुरुवात केली. बल्ब मिणमिणला. क्लच बदलताना कुणीतरी (नाव घेत नाही, क्लचचं बिलही आपलंच आहे) वायरिंगची क्लिप परत बसवली नव्हती. वायर हीट शील्डवर टेकली, आवरण वितळलं, आत तांब्याचे दोन-चार तंतू उरले. मीटरला तेवढे पुरतात, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. हिटर ओढतो. त्यात घाटातला धक्का बसला की तेही तंतू सुटायचे.

वायर जोडली, वर उष्णतारोधक स्लीव्ह चढवली, क्लिप लावली. दिवा तेव्हापासून विझलेला आहे. मजुरी आपल्या स्कॅनिंग चार्जपेक्षा कमी झाली, हे सांगताना मला आपल्यासाठी वाईट वाटतं.

आपली आणखी एक कला नोंदवलीच पाहिजे. कोड उडवला की फ्रीज फ्रेमही उडते. दोष आला तेव्हा इंजिन किती तापलं होतं, वेग किती होता, याची सगळी नोंद गेली. पंचनामा फाडून मग तपास सुरू करणारा हवालदार मी तरी पाहिलेला नाही. शिवाय हा कोड बहुतेक गाड्यांत लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दोष दिसल्याशिवाय दिवा लावत नाही. त्यामुळे गाडी ताब्यात देताना आपली दुरुस्ती दर वेळी यशस्वी!

वाचकहो, कुणी नुसता कोड वाचून सेन्सर बदलायला निघाला, तर "हिटरचे ओहम किती आले?" एवढंच विचारा. उत्तराऐवजी बिलबुक बाहेर आलं, तर गाडी हलवा.

वस्ताद, आपण काढलेले दोन्ही सेन्सर सुस्थितीत माझ्याकडे आहेत. एक परत घेऊन पैसे द्यावेत. बिल सोबत जोडलं आहे.

आपलाच,
एक गिऱ्हाईक